कारंज्याचे बघेरवाल : एका वणिक् ज्ञातीच्या उगमाचा विचार

वऱ्हाडातील कारंजा हे गाव मराठी वाचकास श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. त्याच गावी दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरे आहेत. एक सेनगणाचे, दुसरे बलात्कारगणाचे आणि तिसरे काष्ठासंघाचे. एका मध्यम आकाराच्या बाजारपेठेच्या गावी तीन निरनिराळ्या आचार्यपरंपरांची मंदिरे शेजारीशेजारी नांदावी, त्यांच्याबरोबर हस्तलिखितांचे भांडार पिढ्यान्‌पिढ्या जतन व्हावे, आणि या सर्वांचा भार मुख्यतः एकाच वणिक् ज्ञातीने वाहावा, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात सहसा आढळणारी नाही. ही ज्ञाती म्हणजे बघेरवाल. वऱ्हाडातील बघेरवालांच्या घरची बोली मराठी आहे. परंतु त्यांचे नाव राजस्थानातील एका खेड्याचे आहे. कोटा-बुंदीच्या बाजूस त्यांचे ज्ञातिबांधव आजही आहेत. नाव एका देशाचे आणि भाषा दुसऱ्या देशाची, हे कसे घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वणिक् ज्ञातींच्या उगमाविषयी लिहिताना अभ्यासकास एक मोह सहज होतो. ज्ञातीच्या नावात गाव सापडले की गाव शोधावयाचे, गावात एखादे जुने मंदिर सापडले की त्या मंदिराच्या काळाला ज्ञातीचा जन्मकाळ म्हणावयाचे, आणि मधल्या शतकांची पोकळी परंपरागत कथेने भरून काढावयाची. ओसियाचे ओसवाल, खंडेल्याचे खंडेलवाल, श्रीमाळचे श्रीमाळी यांच्याविषयी असेच पुष्कळ लिहिले गेले आहे. बघेरवालांच्या बाबतीत हा मोह विशेष आवरला पाहिजे. कारण त्यांच्याविषयी उपलब्ध असलेली साधने थोडी असली तरी ती अशा प्रकारची आहेत की, नीट वाचली असता ती रूढ कथेच्या विरुद्ध साक्ष देतात.

प्रथम गावाचा विचार करू. बघेरा हे गाव अजमेरच्या आग्नेयेस, केकडीनजीक आहे. संस्कृत लेखांत त्याचे रूप ‘व्याघ्रेरक’ असे येते. तेथे वराहाचे प्रसिद्ध मंदिर आहे व जुन्या जैन मूर्तीही सापडल्या आहेत. हे स्थान बाराव्या शतकात जैनांच्या दृष्टीने महत्त्वाचे होते याविषयी शंका नाही. चाहमान राजा सोमेश्वर याच्या कारकीर्दीतील बिजोलियाचा शिलालेख वि. सं. १२२६, म्हणजे इ. स. ११७० मधील आहे. पार्श्वनाथाचे मंदिर बांधणाऱ्या लोलाक नामक श्रेष्ठीची वंशावळ त्यात दिलेली असून, त्याच्या एका पूर्वजाने व्याघ्रेरक आदी ठिकाणी जिनमंदिरे उभारल्याचा उल्लेख तेथे आला आहे. येथवर सर्व काही रूढ कथेस अनुकूल वाटते. परंतु लोलाक हा बघेरवाल नव्हे; तो स्वतःस प्राग्वाट वंशाचा, म्हणजे पोरवाड म्हणवितो. बघेऱ्यास मंदिर बांधणारा प्राग्वाट, आणि बघेऱ्याचे नाव लावणारे दुसरेच! गाव हे ज्ञातीचे उगमस्थान असते तर गावातील सर्व श्रावक त्याच नावाने ओळखले जावयास हवे होते. तसे ते ओळखले जात नव्हते, हे या एका लेखावरून उघड होते.

मग बघेरवाल म्हणवून घेणारे कोण होते? या प्रश्नास उत्तर देणारा पहिला निश्चित साक्षीदार म्हणजे पंडित आशाधर. तेराव्या शतकातील दिगंबर ग्रंथकारांत त्याच्याइतका बहुश्रुत दुसरा क्वचितच असेल. तो मुनी नव्हता, गृहस्थ होता. तरीही मुनींनी त्याच्याजवळ अध्ययन केले. आपल्या ग्रंथांच्या शेवटी त्याने स्वतःविषयी दिलेली माहिती सुदैवाने बरीच तपशीलवार आहे. सपादलक्ष देशातील मंडलकर, म्हणजे मेवाडच्या सीमेवरील आजचे मांडलगढ, येथे व्याघ्रेरवाल अन्वयात त्याचा जन्म झाला. पित्याचे नाव सल्लक्षण, मातेचे रत्नी, पत्नीचे सरस्वती आणि पुत्राचे छाहड. हा छाहड पुढे माळव्याच्या अर्जुनवर्मा राजाच्या मर्जीतील झाला. शहाबुद्दीन घोरीच्या स्वारीनंतर सपादलक्ष देश तुरुष्कांच्या ताब्यात गेला, तेव्हा सदाचारास बाध येईल या भयाने हे कुटुंब पुष्कळ परिवारासह माळव्यात धारानगरीस आले. पुढे आशाधराने धारा सोडून नलकच्छपूर, म्हणजे मांडूच्या पायथ्याजवळील नालछा येथे कायमची वस्ती केली, आणि तेथील नेमिनाथाच्या चैत्यालयात आपले बहुतेक ग्रंथ लिहिले. ‘जिनयज्ञकल्प’ वि. सं. १२८५ मधील, ‘सागारधर्मामृता’वरील टीका १२९६ मधील व ‘अनगारधर्मामृता’वरील टीका १३०० मधील आहे. इसवी सनात हा काळ १२२८ ते १२४३ असा येतो.

या आत्मवृत्तातील एक तपशील विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. आशाधर स्वतःस व्याघ्रेरवाल म्हणवितो, पण त्याचा जन्म बघेऱ्यास झालेला नाही. तो मांडलगढास झाला आहे. म्हणजे त्याच्या जन्मापूर्वीच या कुळाने मूळ गाव सोडलेले होते आणि गावाचे नाव कुळाबरोबर चालू लागले होते. आमच्या मते ज्ञातिनामाच्या उत्पत्तीचे रहस्य येथेच आहे. बघेऱ्यात राहणाऱ्यास कोणी बघेरवाल म्हणणार नाही. गावात सगळेच तेथले असतात. ते नाव परगावी गेल्यावर पडते, आणि परगावी सोयरिकी जुळवावयाच्या असता उपयोगी पडते. आपल्याकडे पुण्यात राहणाऱ्याचे आडनाव पुणेकर सहसा नसते, तोच हा प्रकार. या दृष्टीने पाहिले असता ज्ञातीचा जन्म मूळ गावी होत नाही, गाव सुटल्यानंतर होतो. आणि बिजोलियाच्या लेखातील विसंगतीही मग विसंगती राहत नाही.

आशाधराच्या प्रशस्तींतून आणखी एक गोष्ट कळते. नालछ्यास तो एकटा बघेरवाल समाजात राहत नव्हता. त्याच्या ग्रंथांना प्रेरणा देणारे व त्यांच्या प्रती करवून त्यांचा प्रसार करणारे श्रावक निरनिराळ्या अन्वयांचे आहेत. सागारधर्मामृताची टीका पौरपाट अन्वयातील, म्हणजे परवार, अशा महीचंद्र साहूच्या विनंतीवरून झाली. इतर ग्रंथांच्या संदर्भात खंडेलवाल अन्वयातील श्रावकांची नावे येतात. उत्तरेकडून सरकत आलेली अनेक वणिक् कुळे माळव्याच्या त्या एका गावी एकत्र नांदत होती, एकाच मंदिरात पूजा करीत होती, आणि तरीही प्रत्येकजण आपला अन्वय स्वतंत्रपणे नोंदवीत होता. धर्म एक, आचार्य एक, गाव एक. वेगळेपणा राखावयाचा तो नावाने. ज्ञाती घडत असतानाचे इतके स्पष्ट चित्र अन्यत्र क्वचित मिळते.

सागारधर्मामृत हा श्रावकाचारावरील ग्रंथ असला तरी व्यापारी समाजाच्या अभ्यासकाने तो अवश्य वाचावा. श्रावकधर्मास पात्र असणाऱ्या गृहस्थाचे गुण सांगताना आशाधराने अग्रस्थान दिले आहे ते न्यायाने मिळविलेल्या धनास. पूजा, दान, शील ही सर्व त्यानंतर येतात. परमुलखात येऊन नव्याने पत जमवावी लागणाऱ्या समाजाचा हा पंडित होता, ही गोष्ट तो क्रम वाचताना विसरता येत नाही.

आता चितोडकडे वळू. चितोडगडावरील जैन कीर्तिस्तंभ हा बघेरवालांच्या इतिहासातील सर्वांत मोठा आणि सर्वांत वादग्रस्त पुरावा आहे. सात मजल्यांचा, सुमारे पंचाहत्तर फूट उंचीचा हा स्तंभ आदिनाथास वाहिलेला असून, राणा कुंभाच्या अधिक प्रसिद्ध विजयस्तंभाहून तो जुना आहे. टॉडने येथील एका लेखाच्या आधारे त्याचा काळ वि. सं. ९५२, म्हणजे इ. स. ८९६ असा दिला, आणि फर्ग्युसनने तोच काळ पुढे चालविला. या कालनिर्णयात केवळ शिल्पेतिहासाचा प्रश्न गुंतलेला नव्हता. स्तंभ नवव्या शतकातील ठरला तर तो बांधणारा श्रेष्ठीही नवव्या शतकातील ठरतो, आणि मग बघेरवाल ज्ञाती आशाधराच्या तीनशे वर्षे आधी मेवाडात पूर्ण वैभवास पोहोचली होती असे मानावे लागते. ज्ञातीच्या इतिहासात ही मोठीच भर पडली असती. परंतु स्तंभासंबंधीच्या लेखांत कर्त्याचे नाव आले आहे, ते बघेरवाल जातीच्या साह नाय याचा पुत्र जीजा असे. त्यावरून गौरीशंकर हीराचंद ओझा यांनी स्तंभाचा काळ विक्रमाच्या चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेला. शिल्पशैलीच्या अभ्यासकांचे मतही पुढे इ. स. १३०० च्या आसपास स्थिर झाले आहे. टॉडने पाहिलेला लेख खरा असेलही. पण तो या स्तंभाचा नव्हे, एवढे आता निश्चित म्हणता येते. जीजा हा आशाधरानंतर दोन-तीन पिढ्यांनी झालेला पुरुष होय. त्याचा पुत्र पुण्यसिंह किंवा पुनसिंह याचे नावही या लेखांतून येते.

जीजाचे नाव चितोडात जितके आढळते, त्याहून महत्त्वाचा असा त्याचा एक उल्लेख शेकडो मैल दक्षिणेस कारंज्यात आढळतो. कारंज्यातील एका मूर्तीच्या पीठावर वि. सं. १५४१, म्हणजे इ. स. १४८४ चा लेख आहे. मूर्ती करविणाऱ्या बघेरवाल कुटुंबाने आपली परंपरा सांगताना मेदपाट देशातील चित्रकूट नगराचे, तेथील चंद्रप्रभ जिनेंद्राच्या चैत्यालयाचे, आणि स्वतःच्या बाहुबळाने मिळविलेल्या द्रव्यातून तेथे कीर्तिस्तंभ उभारणाऱ्या साह जीजाचे व त्याचा पुत्र पुनसिंह याचे स्मरण केले आहे. स्तंभ उभा राहिल्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, वऱ्हाडात, दुसऱ्या राज्यात, एक व्यापारी कुटुंब स्वतःची ओळख चितोडच्या स्तंभाने करून देते! लेखात बघेऱ्याचे नाव नाही. ज्ञातिनाम तेच राहिले, पण स्मृतीतील मूळ स्थान आता बघेरा नसून चितोड झाले आहे. आणि ‘स्वतःच्या बाहुबळाने मिळविलेले द्रव्य’ हे शब्द वाचताना आशाधराने सांगितलेल्या पहिल्या गुणाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अर्थात अशी पदे लेखांत सांकेतिकही असतात. त्यांवर फार भार देऊ नये.

हा लेख आणि समाजात प्रचलित असलेली स्थलांतराची कथा यांचा मेळ घालणे कठीण जाते. कथा अशी : अल्लाउद्दीन खिलजीने चितोड घेतले, तेव्हा धर्मरक्षणासाठी बघेरवालांचा एक मोठा समूह पुनाजी खटोड याच्या नेतृत्वाखाली दक्षिणेस निघाला आणि वऱ्हाडात येऊन स्थिरावला. काही ठिकाणी हेच स्थलांतर पंधराव्या शतकातील म्हणून सांगतात. या दोन विधानांत शंभर वर्षांहून अधिक अंतर आहे. चितोडचा पाडाव १३०३ मध्ये झाला. पंधराव्या शतकातील चितोड हे मोकळाचे आणि कुंभाचे चितोड होय. तेव्हा तेथे जैन श्रेष्ठी पळून जात नव्हते, उलट नवी मंदिरे बांधीत होते. कुंभाचा कोषाध्यक्ष वेलाक याने शृंगारचौरी हे शांतिनाथाचे मंदिर १४४८ मध्ये बांधले. तो श्वेतांबर होता हे खरे. तरीही जैन म्हणून चितोड सोडण्याचे कारण त्या काळी दिसत नाही.

समजा, स्थलांतर १३०३ नंतर लगेच झाले असे धरले, तर दुसरी अडचण उभी राहते. अल्लाउद्दीनच्या भयाने निघालेल्या माणसाने वऱ्हाडात यावे हे भौगोलिकदृष्ट्या विचित्र आहे. चितोड पडण्याच्या सात वर्षे आधी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन एलिचपुरावरूनच देवगिरीवर चालून गेला होता, आणि तहात रामचंद्र यादवाने एलिचपूर प्रांताचे उत्पन्न त्याला देऊ केले होते. १३०५ मध्ये माळवाही दिल्लीच्या ताब्यात गेला, आणि १३१८ मध्ये यादवांचे राज्यच संपुष्टात आले. म्हणजे दक्षिणेची वाट आणि वाटेच्या शेवटचा मुलूख, दोन्ही खिलजींच्याच छायेत होती. ज्याच्यापासून पळावयाचे त्याच्याच घोडदळाच्या मार्गाने पळावयाचे, हे व्यवहारचतुर वाण्यांनी केले असेल असे मानणे कठीण आहे.

तेव्हा या कथेतील सत्यांश कोणता? येथे अनुमानाखेरीज गत्यंतर नाही, आणि ते अनुमान म्हणूनच येथे मांडीत आहे. पुनाजी हे नाव आणि मूर्तिलेखातील पुनसिंह हे नाव यांतील साम्य डोळ्यांत भरते. कारंज्याच्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या पुनसिंहाचे स्मरण केले, तोच लोकस्मृतीत समूहाचा नायक पुनाजी झाला असावा, आणि चितोडशी जोडलेले नाव म्हणून चितोडच्या सर्वश्रुत पाडावाशी त्याची सांगड घातली गेली असावी. स्तंभ बांधणारे कुळ अशा रीतीने मुलूख सोडणारे कुळ बनले. मोठ्या राजकीय आपत्तीला आपल्या स्थलांतराचे कारण म्हणून दाखविण्याची प्रवृत्ती आपल्याकडील अनेक ज्ञातींच्या बखरींत आहे. व्यापाराच्या ओढीने आलो असे सांगण्यापेक्षा धर्म राखण्यासाठी आलो असे सांगणे कुणासही अधिक भूषणावह वाटणार.

प्रत्यक्ष वाट माळव्यावरून आली असावी असे आम्हांस वाटते. तेराव्या शतकाच्या आरंभापासून बघेरवाल कुळे धारा-नालछा परिसरात होती याला आशाधराचीच साक्ष आहे. पंधराव्या शतकात नालछ्याला लागूनच असलेले मांडू माळव्याच्या सुलतानांची राजधानी बनले. तापीकाठी फारुकी राजांचे बुऱ्हाणपूर भरभराटीस आले. बहामनी राज्याचा वऱ्हाड सुभा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात फतेउल्ला इमादुल्मुल्काच्या हाती होता व १४९० मध्ये त्याने तेथे स्वतंत्र राज्य स्थापले. मांडू, बुऱ्हाणपूर, एलिचपूर या राजधान्यांना जोडणाऱ्या मार्गांवरून सैन्ये गेली तसा मालही गेला. कापसाच्या मुलखात उत्तरेकडील व्यापारी टप्प्याटप्प्याने उतरले, आणि १४८४ पर्यंत त्यांच्यापैकी काहींना मूर्ती करवून तीवर लेख कोरविण्याइतकी स्थिरता लाभली. एका रात्रीत निघालेला तांडा नव्हे, तर दोन-अडीच शतकांची हळूहळू झालेली वाटचाल, असे हे चित्र आहे. त्यात नाट्य कमी आहे. पण तिन्ही निश्चित पुरावे, मांडलगढ-नालछ्याचा आशाधर, चितोडचा जीजा आणि कारंज्याची मूर्ती, त्यात आपापल्या जागी बसतात.

उगमकथेचा दुसरा भाग धर्मांतराचा आहे. परंपरेनुसार बघेरवालांची गोत्रे बावन्न. त्यांतील काही मूलसंघाची व काही काष्ठासंघाची. त्यांना धर्मात आणणारे आचार्य म्हणून लोहाचार्य आणि रामसेन यांची नावे सांगतात. या कथेची कसोटी घेण्यास फारसे दूर जावे लागत नाही. अग्रोह्यास जाऊन अग्रवालांना जैन करणारे म्हणूनही लोहाचार्यांचेच नाव सांगितले जाते, आणि नरसिंहपुरा ज्ञातीचे संस्थापक म्हणून रामसेनांचे. तीच नावे ज्ञातीमागून ज्ञातीच्या कथेत येतात तेव्हा त्यांतून ज्ञातीचा इतिहास कळत नाही, संघाचा हक्क कळतो. काष्ठासंघाच्या पट्टावलीकारांनी आपल्या अनुयायी ज्ञातींना एकेक आद्य आचार्य नेमून दिला. त्या काळच्या दृष्टीने त्यात लबाडी नव्हती. कोणत्या कुळाने कोणत्या पीठास दक्षिणा द्यावी, कोणाच्या हस्ते प्रतिष्ठा करवावी, याचा तो व्यवहार्य निवाडा होता. देवसेनाच्या ‘दर्शनसार’ या वि. सं. ९९० मधील ग्रंथाने काष्ठासंघाची गणना जैनाभासांत केली आहे आणि त्याची स्थापना नंदीतट येथे झाल्याचे म्हटले आहे. हे नंदीतट म्हणजे आपले नांदेड, असे काहींनी मानले आहे. दोन संघांत एवढे वैमनस्य ग्रंथांत असताना, कारंज्याच्या बघेरवालांत मात्र दोहोंची गोत्रे एकमेकांत सोयरिकी करीत आली. पंडितांच्या वादापेक्षा ज्ञातीचे बंधन बळकट ठरले, असाच याचा अर्थ होतो.

कारंज्यास आल्यावर या उत्तरेच्या वाण्यांना जे गुरू लाभले ते मात्र सर्व उत्तरेचे नव्हते. ही बाब आजवरच्या चर्चेत जितकी पुढे यावयास हवी तितकी आली नाही. बलात्कारगणाच्या कारंजा शाखेचे भट्टारक स्वतःस मलयखेड सिंहासनाचे अधीश्वर म्हणवितात. मलयखेड म्हणजे राष्ट्रकूटांची जुनी राजधानी मान्यखेट, कर्नाटकातील आजचे मळखेड. पीठ कारंज्यास, बिरुद मळखेडचे, असा हा प्रकार डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘भट्टारक संप्रदाय’ या ग्रंथातील लेखसंग्रहावरून स्पष्ट दिसतो. काष्ठासंघाचे भट्टारक मात्र गुजरातेकडून, सुरतेच्या बाजूने येत. तेव्हा एकाच गावी मेवाडची स्मृती सांगणारे श्रावक, कर्नाटकाचे सिंहासन सांगणारे एक गुरू आणि गुजरातेतून येणारे दुसरे गुरू, असा त्रिवेणी संगम झाला. त्या संगमाची भाषा मराठी ठरली, याचे श्रेय वऱ्हाडच्या मातीस दिले पाहिजे. बलात्कारगणाचे भट्टारक धर्मचंद्र यांचा शिष्य गंगादास याने शके १६१२ मध्ये, म्हणजे १६९० मध्ये, ‘पार्श्वनाथ भवांतर’ मराठीत रचले; आणि त्यानेच तीन वर्षांनी आदित्यवाराची व्रतकथा गुजरातीत लिहिली. श्रोतृवर्गात दोन्ही भाषा समजणारी माणसे होती म्हणूनच एका कवीने दोन्हींत लिहिले. पुढे गुजराती मागे पडली. ही प्रक्रिया किती पिढ्यांत पुरी झाली हे गोत्रनामांच्या मराठी रूपांवरून तपासता येईल, आणि एखाद्या विद्यार्थ्याने ते काम हाती घ्यावे अशी आमची इच्छा आहे.

सतराव्या शतकातील कारंज्याच्या संपत्तीची कल्पना दोन अगदी भिन्न साधनांवरून येते. डिसेंबर १६७० मध्ये, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर दोन महिन्यांनी, मराठ्यांच्या फौजा वऱ्हाडात शिरल्या आणि त्यांनी कारंजा लुटले. तलम कापड, सोने आणि रुपे मिळून सुमारे एक कोटीची लूट चार हजार बैल व गाढवे यांच्यावर लादून नेल्याचे समकालीन वृत्तांत सांगतात. गावातील सर्व धनिक खंडणीसाठी धरले गेले. फक्त सर्वांत मोठा सावकार स्त्रीवेष करून निसटला. आकडे अतिशयोक्त असतील. पण कापडाचा पहिला क्रम अतिशयोक्त नसावा. शिवाजी महाराजांच्या चरित्रात हा प्रसंग एका वाक्याचा. कारंज्याच्या इतिहासात तो एका पिढीचा आहे. मंदिरे, मूर्ती, प्रतिष्ठा, ग्रंथलेखन हे सर्व ज्या शिलकीतून चालले ती शिलक त्या दिवशी बैलांवर लादली गेली. बळी पडलेल्यांत बघेरवाल मोठ्या संख्येने असणार हे गावाच्या तत्कालीन स्थितीवरून सहज ओळखता येते.

दुसरे साधन शीलविजय नावाच्या श्वेतांबर साधूची तीर्थमाला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेची तीर्थे पाहत हा साधू हिंडला. कारंज्याचे वर्णन करताना तो तेथील बघेरवाल भोज संघवीच्या औदार्याचे, दानशीलतेचे व धर्मनिष्ठेचे मोकळ्या मनाने कौतुक करतो. संघवी म्हणजे स्वखर्चाने यात्रासंघ नेणारा. लुटीचा घाव आणि संघवींचा दानधर्म ही एकाच शतकातील, एकाच गावची गोष्ट आहे. श्वेतांबर साधूने दिगंबर गृहस्थाची अशी स्तुती करावी, हेही त्या काळच्या ग्रंथकारांच्या रीतीस सोडूनच होते. मळखेडचे पीठ, चितोडचा पूर्वज, श्वेतांबर पाहुणा : कारंज्याच्या श्रेष्ठींना यांत काही विसंगत वाटत नसावे.

बलात्कारगण व सेनगण यांच्या मंदिरांतील हस्तलिखितांची दखल विद्वज्जगाने घेतली ती रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ मधील मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखित-सूचीमुळे. त्या सूचीतून अपभ्रंश भाषेतील कित्येक ग्रंथ प्रथमच उजेडात आले. त्यांत पुष्पदंताचे काव्यग्रंथ होते. पुष्पदंत हा दहाव्या शतकात मान्यखेटास राहून लिहिणारा कवी. त्याचे महापुराण ९६५ मध्ये तेथेच पुरे झाले. मान्यखेटाच्या त्या कवीच्या पोथ्या मळखेडचे बिरुद लावणाऱ्या भट्टारकांच्या गावी सुरक्षित राहाव्यात, हा योगायोग वाटत नाही; तथापि पोथ्यांच्या प्रशस्ती तपासून कोणती प्रत कोठे लिहिली गेली हे ठरविल्याशिवाय यापुढे जाणे योग्य होणार नाही. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये आणि ‘णायकुमारचरिउ’ प्रा. हिरालाल जैन यांनी १९३३ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. दोन्ही ग्रंथ कारंज्याहून निघाले, आणि ज्या मालांतून कारंज्याचे हे प्रकाशन चालले त्यांत अंबादास चवरे या बघेरवाल गृहस्थाच्या नावाची दिगंबर जैन ग्रंथमाला होती.